निघालेली बाकी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा राजरस्ता कात्रजचा डोंगर ओलांडून शिवगंगेच्या खोऱ्यात उतरतो, आणि खेड-शिवापूर मागे पडल्यावर चेलाडीच्या फाट्यावरून जी वाट पश्चिमेस वळते ती नसरापुरात शिरते. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या बनेश्वराच्या देवालयामुळे या गावाचे नाव यात्रेकरूंना परिचित आहे. परंतु या लेखापुरते त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. नसरापूर हा एक उंबरठा आहे. त्याच्या पूर्वेस महामार्ग, त्यालगतचे कारखाने, गोदामे आणि रात्रपाळीचे दिवे. पश्चिमेस गुंजण मावळ, कानद खोरे, राजगड आणि तोरणा, भातखाचरे आणि चार महिने कोसळणारा पाऊस. ज्यांना वैद्यकशास्त्र असांसर्गिक दीर्घकालीन व्याधी म्हणते, त्या मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि श्वसनाचे जुनाट विकार यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कसा प्रवेश केला, हे पाहावयाचे असेल तर अशा उंबरठ्यावर उभे राहावे, म्हणजे दोन्हीकडची माणसे दिसतात.

या माणसांची भाषा लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहे. लकवा 'मारतो', झटका 'येतो', बीपीची गोळी 'चालू' असते. पण शुगर मात्र 'निघते'. पायाची जखम दोन महिने भरून येईना म्हणून तपासणी केली आणि शुगर निघाली. मोतीबिंदू काढण्यास गेली आणि शुगर निघाली. मराठीत हिशेब तपासल्यावर बाकी निघते, मोजणी केल्यावर शेजाऱ्याचे अतिक्रमण निघते; म्हणजे जे पुष्कळ दिवसांपासून होते, साचत होते, परंतु ज्याची कोणी रुजुवात घेतली नव्हती, ते निघते. कोणा पंडिताने न घडविलेल्या या एका क्रियापदात या व्याधींचे सारे लक्षण आले आहे. ताप येतो तेव्हा तो आल्याचे रोग्यास कळते. रक्तदाब दहा वर्षे वाढलेला असला तरी माणूस भात लावतो, ओझी वाहतो, लग्नात नाचतो, आणि एके दिवशी त्याचा अर्धा देह निकामी होतो.

या बाकीचे आकडे लहान नाहीत. भारतात १९९० साली होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू असांसर्गिक व्याधींनी होत असत. २०१६ साली हे प्रमाण जवळजवळ ६२ टक्क्यांवर पोहोचले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची एकतीस कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. हे केवळ शहरी पेठांतील स्थूल सावकारांचे रोग आहेत, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल.

तरीही ती सुटत नाही. कारण मावळातला मनुष्य स्वतःकडे पाहतो तेव्हा त्याला सडपातळ, काटक देह दिसतो, आणि अशा देहाला साखरेचा रोग कसा होईल असे त्याला वाटते. या प्रश्नाचे उत्तर ज्या संशोधनाने दिले ते पुणे जिल्ह्यातच झाले, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून मागोवा घेतला, त्यांचा आहार व कष्ट मोजले, आणि जन्मलेल्या बालकांची इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली. इकडचे बालक सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे, परंतु ही तूट सर्व अंगांत सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील इंद्रिये खुजी राहिली होती, चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त असे हे बालक, आणि पुढे त्याच्याच देहात मधुमेहाला अनुकूल भूमी तयार होते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत एकच. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के! तराजूवर समान उतरणारे दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, याचे याहून सुबोध प्रमाण मला ठाऊक नाही.

कृश आणि स्थूल हा भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्याही दृष्टीस पडला होता. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगून पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असे नमूद केले. रोग्यांना त्याने सांगितलेले उपाय तर विलक्षण आहेत: शंभर योजने पायी चालावे, विहीर खणावी, श्यामाकासारखे हलके रानधान्य खावे. हा श्यामाक म्हणजे आपल्या वरईच्या कुळातले धान्य. ज्या वरई-नाचणीवर वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, ती त्यांच्या ताटातून उतरत गेली आणि पांढरा भात, साखरेचा चहा, बिस्किटे व वडापाव त्या जागी आले. जुन्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ज्या आजीने दुष्काळात कोंड्याची भाकरी खाल्ली तिला नातवाच्या हातात बिस्किटाचा पुडा पाहून समाधान वाटते, आणि ते समाधान खोटे नाही. मात्र आजीच्या उपासमारीने घडलेला देह आणि नातवाच्या हातातला पुडा यांची गाठ पडते तेथेच हा रोग रुजतो, एवढे सांगणे अवश्य आहे.

दुसरे कारण घरातच, चुलीपाशी बसलेले असते, आणि त्याविषयी सभ्य लोक फारसे बोलत नाहीत. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करणे आणि ती दातांना लावणे, ही मिश्रीची चाल पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियांत खोल मुरलेली आहे. पहाटे उठल्यावर एकदा, भाकऱ्या झाल्यावर एकदा, शेतावरून परतल्यावर एकदा. आणि दाढ दुखते म्हणून सासूने दिलेली चिमूट सून जन्मभर सोडू शकत नाही. जी स्त्री विडी पाहून तोंड फिरवते, तिला आपण तंबाखूचे सेवन करतो हे मान्यच नसते. मिश्री हे तिच्या लेखी दंतमंजन असते. तपासणी करणाऱ्याने 'तंबाखू खाता का' असे विचारले तर ती खऱ्या मनाने 'नाही' म्हणते, आणि कागदावर 'नाही' उमटते. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पदार्थावर कोणता कायदा चालणार? तेथे गावची आरोग्य-स्वयंसेविका असलेल्या आशाताईचा शब्दच चालेल, आणि तोही तिने 'तंबाखू' न म्हणता 'मिश्री लावता का' असे विचारले तर. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर हा या मिश्रीचा सोबती. विडी कधी न ओढलेल्या स्त्रीचा दमा त्याच्याच खाती मांडावा लागतो.

आता सरकारी यंत्रणेकडे वळू. आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था साथीच्या भयातून जन्मली. १८९७ चा साथरोग कायदा पुण्यामुंबईच्या प्लेगमध्ये झाला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना पुढे आली, आणि या केंद्रांनी देवीचे निर्मूलन, पोलिओचे डोस, बाळंतपणे ही कामे ज्या निष्ठेने पार पाडली तिला तोड नाही. परंतु या सर्व कामांना शेवट होता. देवी टोचली, काम झाले. ताप उतरला, केसपेपर फाडून टाकला. मधुमेहाच्या रोग्याचे काम मात्र तो जिवंत असेतो संपत नाही. तो आज आला, गोळ्या घेऊन गेला, पुढच्या महिन्यात आला नाही, तर तो का आला नाही हे विचारणारे कोणी असावे लागते. आणि हे विचारण्यासाठी तो यावयाचा होता, याची नोंद कोठेतरी असावी लागते.

येथे मला, नसरापूर ज्या तालुक्यात येते त्या भोरच्या इतिहासातील एक गोष्ट आठवते. भोरचे संस्थान, जे ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, ते पंतसचिवांचे; आणि सचिव म्हणजे अष्टप्रधानांतील सुरनीस, ज्याचे काम महाला-परगण्यांच्या हिशेबाची रुजुवात घेण्याचे व राजपत्रे तपासण्याचे होते. शेतसाऱ्याची बाकी कोणाकडे किती, हप्ता कोणाचा चुकला, हे त्या काळच्या दप्तराला ठाऊक असे आणि तगादा वेळेवर जाई. सारावसुलीत जी दक्षता या भूमीने पाहिली, ती माणसाच्या रक्तदाबाच्या बाबतीत का अशक्य असावी?

ती अशक्य नाही, हे शेजारच्याच जिल्ह्याने दाखविले. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे निवडले गेले. त्यातील उपाय चमत्कारिक नव्हते. औषधयोजना सर्वत्र एकच, आरंभी अॅम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी. तिचा पुरवठा अखंड. रक्तदाब मोजण्याचे व औषध देण्याचे काम डॉक्टरांबरोबर परिचारिकेसही वाटून दिलेले. आणि प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र खाते, ज्यावरून कोण आला नाही हे दिसावे आणि त्यास बोलावणे जावे. २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुरस्काराने या उपक्रमाचा गौरव झाला. मला त्यातील गोळीपेक्षा खाते अधिक मोलाचे वाटते. दप्तराचे हेच सामर्थ्य सोलापूर जिल्ह्यातील बार्शीनेही दाखविले आहे: तेथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, आणि त्या परिसरातील कार्याच्या आधारावर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुख-तपासणीचा जो अभ्यास झाला, त्याने एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आणता येतात हे जगाला सांगितले.

नसरापूरच्या पश्चिमेचा प्रश्न मात्र साताऱ्याहून थोडा निराळा आहे. २०११ च्या जनगणनेत पंचावन्न हजारांच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या, आता राजगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्यात वस्त्या विखुरलेल्या, एसटीच्या फेऱ्या मोजक्या, आणि कमावता मुलगा पुण्यात किंवा मुंबईत. वृद्ध माता चार महिने मुलाकडे राहते, तेथल्या डॉक्टरने गोळी बदलली तर जुनी व नवी अशा दोन्ही घेते, आणि गावी परतल्यावर दोन्ही संपतात. शिवाय बीपी मोजला, ठीक आला, म्हणजे रोग गेला असे समजून गोळी बंद करणारे घरोघरी आहेत. गोळीची सवय लागते हे भय त्याहून जुने. ही समजूत एका भाषणाने जाणारी नव्हे. दरमहा दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसाने पुन्हा पुन्हा बोलावे लागेल, आणि ते माणूस म्हणजे आशाताई. तिच्याकडील कामांचे ओझे आणि तिचे मानधन यांचा मेळ घालणे हा औषधपुरवठ्याइतकाच आरोग्याचा विषय आहे, असे माझे मत आहे.

या डोंगरात पावसाळ्याची बेगमी नावाची एक रीत आहे. मृगापूर्वी लाकूडफाटा पडवीत रचला जातो, मीठ-मिरची, तांदूळ, डाळ, जनावरांची वैरण भरून ठेवली जाते. कारण ओढे चढले की पलीकडच्या वाडीचा रस्ता तुटतो. आरोग्य खात्याने ही रीत उचलावी. ज्यांच्या वाटा पावसात बंद होतात अशा वाड्यांतील प्रत्येक खातेदार रुग्णाच्या घरी वैशाख सरण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या मोजून पोहोचाव्यात, त्याचा रक्तदाब आणि साखर त्याच दिवशी नोंदली जावी, आणि गोळ्यांची पिशवी तांदळाच्या कणगीशेजारी, खुंटीला, सुनेच्या नजरेसमोर टांगली जावी. भाद्रपदात ओढे उतरल्यावर आशाताई प्रथम त्या खुंटीशी जाईल आणि उरलेल्या गोळ्या मोजील.