शिंदीबन गेलं, बसायची जागाही गेली



उसाच्या नोंदी घेत शिवारात हिंडताना आम्हाला जागांची जुनी नावं ऐकायला मिळतात. त्यातलं एक नेहमीचं नाव म्हणजे ‘शिंदीबन’. नाव आहे, बन नाही. ओढ्याकाठी एखादं झाड उभं दिसतं, बाकी सगळा ऊस. या बनाची ही हकिकत.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा फार मोठा. शिंदीच्या झाडांवर सरकारी कर असे आणि विक्रीच्या हक्काचा हर्रास होई. हर्रासात गुत्ता घेणारा तो गुत्तेदार. गुत्ता म्हणजे मक्ता. दारूच्या अड्ड्याला आपण आजही ‘गुत्ता’ म्हणतो, तो यावरूनच.

संध्याकाळी खोडाला छेद देऊन मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. सूर्योदयाआधीचा रस गोड, ती नीरा. ऊन चढलं की रस आंबतो, ती शिंदी. आमच्या कामातही थोडाफार हाच नियम आहे. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की त्यातली साखर घटते. चोवीस तासांत ऊस गाळपाला आला पाहिजे, असं आम्ही सारखं सांगतो ते उगाच नाही.

शिंदीखाना म्हणजे एक छप्पर आणि अंगणात मांडलेली मडकी. पण गावाचं बरंच काम तिथं होई. नव्वदीच्या घरातल्या एका सभासदांनी आम्हाला सांगितलं, की बाजाराहून परतणारे गाडीवान तिथं बैल सोडायचे. बैल कुठं विकाऊ आहे, सुगीला मजूर कुठं लागतात, कुणाच्या पोरीला स्थळ पाहायचं आहे, हे सगळं तिथंच कळायचं. भांडण मिटलं की दोन्हीकडचे एका मडक्याभोवती बसायचे. चावडीत ज्यांना तोंड उघडता येत नसे तेही इथं बोलत. मात्र बसायच्या जागा आणि भांडी वेगळीच असत, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि घरातल्या बायांना शिंदीखान्याची ओळख एकच होती: घरी न पोचलेली मजुरी.

मग १९४७ साल उजाडलं. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने हिंदी संघराज्यात सामील होण्याचा दिवस पाळला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला. करोडगिरीचे नाके जाळले गेले आणि शिंदीच्या बनांवर कुऱ्हाडी चालल्या. झाडावर कुणाचा राग नव्हता. निजामाचा महसूल तोडायचा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आलं.

बनं गेली, दारू गेली नाही. पुढे दारूबंदी आली, चोरून गाळणं आलं, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं आली. ही दारू कशाची? मळीच्या अर्काची. मळी उसाचीच. हे आपण ऊसवाल्यांनी मान्य केलं पाहिजे. आज मळीपासून इथेनॉलही होतं, ही समाधानाची गोष्ट. पण बिलाची रक्कम खात्यावर पडल्यावर काही घरांत काय होतं, ते आम्ही दारात उभे राहून पाहिलेलं आहे. बियाणं, खत उधारीवर, आणि पाटाचं पाणी आलं तरी कारभारी शुद्धीवर नाही.

गावाच्या हातात उपाय आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर पडताळणी करून गुप्त मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं की परवाना बंद होतो.

पण नुसतं दुकान बंद करून भागायचं नाही. शिंदीखान्यात माणूस प्यायला जायचा, तसाच चार माणसांत बसायलाही जायचा. आज संध्याकाळी गड्याने बसावं कुठं? आमची सूचना साधी आहे. गट कार्यालयाचा ओटा आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांसाठी मोकळा ठेवू. कोण कुठल्या जातीचा, किती एकरांचा, हे पाहायचं नाही. बाया-बापड्यांनीही यावं. लागणीचं, तोडीचं, बिलाचं बोलू, भांडणंही मिटवू. चहा आमच्याकडून.

आणि ओढ्याकाठी शिंदीची चार रोपं लावा. मूळ माती धरून ठेवतं, पानाची केरसुणी होते. लक्ष्मीपूजनाला आपण तिलाच हळदकुंकू वाहतो.