तिथी बघून मालवणला

मालवणला जायचं ठरलं की आधी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवल्या जातात, मग कुडाळपर्यंतचं रेल्वेचं आरक्षण, मग राहायची सोय. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी कुणी बघत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मात्र कोणत्या दिवशी काय दिसणार आणि काय करता येणार, हे बरंचसं तिथीच ठरवते. दोन दिवसांत 'सगळे पॉइंट' उरकणारं कुटुंब इथून भरपूर फोटो घेऊन परततं, पण समुद्र त्याला अर्धाच भेटलेला असतो.

हिशेब सोपा आहे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. कोकणात जुन्या लोकांचा ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीचा बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याची चढउतार मंद.

म्हणजे द्वितीया-तृतीयेला सकाळी सात-आठच्या सुमाराला समुद्र चांगलाच मागे गेलेला असतो. मालवणच्या रॉक गार्डनला संध्याकाळी गर्दी होते ती सूर्यास्तासाठी. पण तिथली खरी गंमत अशा सकाळी असते. काळ्या कातळातल्या खळग्यांमध्ये पाणी साचून राहतं आणि प्रत्येक खळग्यात एक संसार मांडलेला असतो. कातळाला घट्ट चिकटलेली कालवं, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, बोटभर मासे आणि भुजा पसरून बसलेली समुद्रफुलं. समुद्रफूल दिसायला फूल असलं तरी तो प्राणी आहे. सावली पडली किंवा पाणी हललं की भुजा आत ओढून घेतो आणि मागे उरतो चिकट, मातकट गोळा. दहा मिनिटं न हलता बसलं तर तो पुन्हा उमलताना दिसतो. मुलांना दाखवावं असं याहून चांगलं काही या किनाऱ्यावर नाही. पायात घट्ट बसणारी चप्पल हवी, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. आणि खळग्यातलं काहीही पिशवीत घालून आणायचं नाही.

मोठ्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पाण्यातून चालत पद्मगडापर्यंत जाता येतं. मात्र वाट आणि परतायची वेळ तिथल्या मच्छीमारांना विचारूनच पाय टाकावा. पाणी फिरलं की वाट बुडते.

समोर उभा असलेला सिंधुदुर्गही समुद्राची चाल ओळखूनच बांधलेला आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. तो मुहूर्त ज्या खडकाजवळ झाला, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही पाहायला मिळतो. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. गडाकडे जाणारे बरेच जण त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. बेटाभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. अनोळखी जहाजाला ते घातक आणि वाट ठाऊक असलेल्या होडीला सोयीचे. सुमारे 48 एकरांच्या या बेटाला तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट आहे आणि त्याच्या पायात शिसं ओतलेलं आहे. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. आत महाराजांचं, राजारामांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्ग आहे. होडीवाले गडावर ठरावीकच वेळ देतात आणि तेवढ्यात तटावरून फेरी होत नाही. चढण्याआधीच जास्त वेळाचं बोलून घेतलेलं बरं.

तारकर्ली आणि देवबागची ओळख आता स्कुबा डायव्हिंगमुळे आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि इथल्या खडकांवर प्रवाळही आहेत. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून पाण्याखाली नेतो. कानाला दडा बसू लागला की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, एवढं जमलं की भीती निम्मी होते. सर्दी झालेली असेल किंवा दमा असेल तर लपवू नये, आधी सांगावं. उतरल्यावर प्रवाळावर पाय ठेवू नये. ज्या प्रवाळाला वाढायला कित्येक वर्षं लागतात, ते एका लाथेत मोडतं. पाणी नितळ हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आणि शक्य असल्यास भांगाचे दिवस निवडावेत, कारण उधाणाच्या ओढीने वाळू ढवळून निघते. चिपीहून विमानाने परतायचं असेल तर एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि जास्त डुबक्यांनंतर 18 तास जाऊ द्यावेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

पोहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादा शांत, गडद पट्टा दिसतो आणि लोक नेमके तिथेच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने आत परतत असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे धडपडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं, मग लाटाच माणसाला बाहेर आणतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीला नदीचीही ओढ त्यात भर घालते. तिथे संगमाजवळ पोहायला उतरूच नये.

पहाटे दांडी किंवा देवबागच्या किनाऱ्यावर रापण लागलेली असेल, तर बाकीचा बेत बाजूला ठेवावा. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं हळूहळू ओढलं जातं. शेवटच्या वीस-पंचवीस हातांत पाणी उकळल्यासारखं दिसू लागतं. बांगडे, पेडवे, तारल्या, नशीब असेल तर एखादी सुरमई. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. पाहुण्याने हात लावला तर कुणी नको म्हणत नाही, फक्त दोराच्या आतल्या बाजूला उभं राहू नये. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीपुढे टिकून राहण्यासाठी रापणकर वर्षानुवर्षं झगडत आहेत. ही मासेमारी चालू असताना पाहायला मिळणं हे भाग्यच.

संध्याकाळी लिलावात तीच मासळी हातोहात जाते. "कशे गो बांगडे?" असा सवाल होतो, टोपलीवर टोपली सरकते. कल्ले लाल आणि डोळे लखलखीत असतील तर मासा ताजा, हे तिथे उभं राहूनच शिकता येतं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि त्यावर सोलकढी, हे जेवण एखाद्या घरगुती खानावळीत सांगून ठेवावं. सुरमईच्या थाळीपलीकडचं मालवण तिथे भेटतं.

अमावास्येच्या आसपास थंडीत गेलेल्यांना आणखी एक देणगी मिळू शकते. कधी कधी अंधारात फुटणारी लाट निळी उजळते. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की चमकतात, त्याचा हा प्रकाश. तो पाहायचा तर किनाऱ्यावरचे दिवे टाळून काळोखात जावं लागतं. याच दिवसांत गावोगावच्या जत्रांमध्ये दशावतार रंगतो. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतात, आणि खेळ रात्र सरेपर्यंत चालतो. मुक्कामाच्या घरी विचारलं की जवळची जत्रा कुठे आहे ते कळतं.

पावसाळ्यात मात्र हे बहुतेक थांबतं. गडावरच्या होड्या बंद, स्कुबा बंद, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, कारण हा माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात. ज्याचा नारळ फुटला तो हरला. ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने हा दिवस साधावा.