पाय मिळाल्यानंतर

रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास जयपूरला असा कृत्रिम पाय घडवला की, तो लावून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं आणि अनवाणी चालताही येतं. १९७५ साली सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय गरजूंना विनामूल्य देऊन ‘जयपूर फूट’ जगभर नेला. पण त्याच शहरातल्या वैशाली नगरात एखाद्या अपंग माणसाला खोली घेऊन एकट्याने राहायचं असेल, तर पुढचे प्रश्न निराळे असतात. न्हाणीघरात आधार कुठे बसवायचा, घरमालकाशी काय बोलायचं, मदतनीस ठेवला तर आपल्या घरात त्याचा नव्हे, आपला शब्द कसा चालवायचा? ही उत्तरं ज्याने ते दिवस काढले आहेत त्याच्याकडे असतात. म्हणून साधनाइतकीच समअनुभवी सोबतही पुनर्वसनाची मूळ गरज मानली पाहिजे. कोल्हापूरची ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था त्याचं ठळक उदाहरण आहे.

संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर सोळाव्या वर्षाच्या आसपास लुळं पडलं. निराशेच्या त्या काळात त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी. ते स्वतः व्हीलचेअर वापरत आणि उद्योगही सांभाळत. असं जगता येतं हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं. पुढे नसीमाताईंनी केंद्रीय उत्पादन शुल्क विभागात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स’ उभी केली. उचगावचं ‘घरौंदा’ वसतिगृह, अपंग आणि धडधाकट मुलं एकत्र शिकतील अशी शाळा, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा रोजगार, असा तिचा पसारा वाढत गेला. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने हा अनुभव महाराष्ट्रभर पोचवला. एका माणसाने दुसऱ्याला दिलेला धीर इथे संस्थेचं रूप घेऊन उभा राहिला.

यावर पहिला आक्षेप वैद्यकीय आहे: अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे, चुकीचा सल्ला जिवावर बेतेल. आक्षेप रास्त आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीत शय्याव्रण किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग खरोखरच जीवघेणा ठरू शकतो, आणि त्यावर औषध डॉक्टरनेच द्यायचं. पण थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार घेऊन खुर्चीतून अंग उचला, हे डॉक्टरने सांगितलेलं कचेरीत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत पाळायचं कसं, हे वर्षानुवर्षं तसं करणाराच दाखवू शकतो. दोघांची कामं वेगळी आहेत आणि समअनुभवी सल्लागाराला आपली हद्द ओळखायचं प्रशिक्षण हवंच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: वसतिगृह हे स्वतंत्र जगणं कसं? भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कविषयक करारातलं एकोणिसावं कलम आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम, दोन्ही समाजात राहण्याचा हक्क सांगतात. कायद्यात वैयक्तिक मदतनिसाचाही उल्लेख आहे. तरीही गावातल्या शाळेला पायऱ्या आणि घरात उंबरे असताना वसतिगृह नाकारणं म्हणजे मुलीला घरात कोंडणंच ठरतं. मात्र अशा संस्थेचं यश खाटांच्या संख्येवर मोजू नये. तिथून बाहेर पडून किती जण आपल्या निवडीच्या घरी राहू लागले, यावर मोजावं. अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली निघालेल्या स्वतंत्र जीवन केंद्राने समअनुभवी समुपदेशन ही मूलभूत सेवा मानली. १९७८ पासून तिथे अशा केंद्रांना सरकारी निधीची वाट खुली झाली आणि पुढे त्यांच्या कारभारात अपंगांचं बहुमत हा नियमही आला. आपल्याकडे हे काम अजून बहुतेक देणग्यांवर आणि एखाद्या नसीमाताईंच्या जिद्दीवर तोलून धरलेलं आहे. २०११च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. तेवढ्यांना पुरतील इतके बाबूकाका योगायोगाने भेटणार नाहीत. कृत्रिम पायासाठी अनुदान मिळू शकतं, तर तो लावून जगायला शिकवणाऱ्यालाही पगार मिळाला पाहिजे.