येमेनचे मूल आणि परक्यांची तिजोरी

(द्वितीय वर्ष, कला)

युद्धाच्या बातम्या आपण वाचतो त्या बहुधा तोफांच्या, विमानांच्या आणि तहांच्या. पण युद्ध चालू असताना त्या देशातील मुले रोज काय खातात, त्यांना लस कोण टोचते, त्यांच्या शिक्षकांचा पगार कोण देते, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. राज्यशास्त्राच्या तासाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था शिकत असताना मला हा प्रश्न पडला आणि मी ग्रंथालयात बसून त्याचा माग काढू लागले. प्रस्तुत लेखात येमेन या एकाच देशाचे उदाहरण घेऊन, युद्धग्रस्त मुलांसाठी सरकारे जो पैसा देतात तो कुठून निघतो, कोणत्या वाटेने जातो आणि कुठे अडतो, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

येमेन आपल्याला वाटतो तितका परका नाही. तेथील एडन बंदर ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडून चालला. वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ मध्ये देह ठेवला तो याच एडनच्या बंदिवासात. १९९० मध्ये उत्तर व दक्षिण येमेन एक झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये हौथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील देशांच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीनंतर मोठ्या लढाया बऱ्याच कमी झाल्या. पण तोवर देश दोन कारभारांत विभागला गेला होता.

अशा युद्धात माणसे गोळीने मरतात त्याहून अधिक इतर कारणांनी मरतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने २०२१ मध्ये अंदाज वर्तवला, की त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत येमेनमध्ये ३ लाख ७७ हजार बळी गेलेले असतील आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के भूक, रोगराई, दूषित पाणी अशा अप्रत्यक्ष कारणांचे असतील. या बळींमध्ये पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण फार मोठे होते. २०१७ च्या अखेरीस कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांच्या वर गेली.

याची कारणे समजून घेतली पाहिजेत. येमेनला लागणाऱ्या गव्हापैकी सुमारे ९० टक्के गहू बाहेरून येतो. बंदर अडले, चलन घसरले, की भाकरी महागते. २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवण्यात आली आणि त्यानंतर लक्षावधी सरकारी नोकरांचे पगार थकले. त्यांत दवाखान्यातील परिचारिका होत्या आणि शाळेतील मास्तरही होते. म्हणजे बाजारात धान्य असले तरी ते विकत घ्यायला घरात पैसा नाही, आणि मूल आजारी पडले तर दवाखान्यात माणूस नाही. जे काम सरकारने करायचे ते करायला सरकारच उरले नाही. तेव्हा ते काम दुसऱ्या कोणी तरी करणे भाग होते आणि त्याचा खर्चही दुसऱ्या कोणी तरी उचलणे भाग होते.

मुलांच्या बाबतीत ते काम मुख्यत्वे युनिसेफकडे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ११ डिसेंबर १९४६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेविषयी आपला एक गैरसमज असतो. आपल्याला वाटते, संयुक्त राष्ट्रसंघाची संस्था, म्हणजे तिला संघाच्या वर्गणीतून पैसा मिळत असणार. वास्तविक तसे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य अंदाजपत्रकासाठी प्रत्येक सभासद देशावर ठरावीक पट्टी बसते आणि ती भरावीच लागते. युनिसेफला त्यातला पैसा मिळत नाही. तिचा सारा कारभार ऐच्छिक देणग्यांवर चालतो. सामान्य माणसेही देणग्या देतात, पण सर्वांत मोठा वाटा सरकारांचा असतो. एखाद्या सरकारने या वर्षी दिले आणि पुढल्या वर्षी हात आखडता घेतला, तर त्याला जाब विचारता येत नाही.

आता हा पैसा जातो कसा ते पाहू. एखाद्या देशाचे सरकार आपल्या अंदाजपत्रकात परकीय मदतीसाठी रक्कम धरते, तेथील संसद ती मंजूर करते, मग संबंधित खाते युनिसेफशी करार करते. व्यवस्थापनाच्या खर्चासाठी युनिसेफ साधारणपणे ८ टक्के आकारते. उरलेल्या रकमेतून औषधे, लसी, पाणी शुद्ध करण्याची साधने आणि खास आहाराची पाकिटे खरेदी होतात. युनिसेफचे प्रचंड गोदाम डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे आहे. तेथून किंवा कारखान्यातून थेट माल जहाजाने निघतो आणि एडन किंवा होदेदा बंदरात उतरतो. पुढे ट्रकने डोंगराळ रस्ते आणि दोन्ही बाजूंची तपासणी नाकी ओलांडून तो गावच्या आरोग्य केंद्रात पोचतो.

त्या केंद्रात काय घडते याची मला चांगली कल्पना करता येते, कारण माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलाच्या दंडाचा घेर मोजायची तांबडी, पिवळी आणि हिरवी अशी तिरंगी पट्टी मी लहानपणापासून पाहत आले आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी तांबडा रंग दाखवते. अंगणवाडीच्या भाषेत ते मूल ‘सॅम’ ठरते. हे माप येमेनमध्येही तेच आहे. अशा मुलाला तेथे शेंगदाण्याचा लगदा, दूध भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे घातलेले ९२ ग्रॅमचे पाकीट देतात. एका पाकिटातून ५०० उष्मांक मिळतात. ते शिजवावे लागत नाही आणि त्यात पाणीही घालावे लागत नाही. जेथे पाण्यातूनच कॉलरा पसरतो तेथे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सहा ते आठ आठवड्यांत साधारण १५० पाकिटे लागतात. त्यांची किंमत ४० ते ५० डॉलरच्या घरात जाते. एवढ्यात बहुतेक मुले वाचतात. म्हणजे उपाय ठाऊक आहे, तो फार महागही नाही. अडचण आहे ती पैसा वेळेवर आणि खात्रीने मिळण्याची.

ही वेळेची गोष्ट शेतकऱ्याच्या घरातील मुलांना वेगळी समजावून सांगायला नको. मृगाच्या तोंडावर लागणारे पीककर्ज पोळा झाल्यावर हाती आले तर त्याचा उपयोग काय? रक्कम तीच असते, पण पेरणी निघून गेलेली असते. आहाराची पाकिटे तयार करून घ्यायला आणि समुद्रापार पोचवायला काही महिने लागतात. जानेवारीतल्या गरजेसाठीचा पैसा नोव्हेंबरात आला, तर हिशेबाच्या वहीत ते वर्ष भरून निघते, पण मधल्या काळातील मुले तशीच राहिलेली असतात. यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

दुसरी अडचण अटींची आहे. देणगी देणारी सरकारे बहुतेक रक्कम विशिष्ट कामाला, विशिष्ट भागाला बांधून देतात. जिथे जास्त गरज असेल तिथे खर्च करा, अशा मोकळ्या मनाने दिलेला पैसा थोडा असतो. त्यामुळे एका कामासाठी रक्कम शिल्लक आणि दुसऱ्या कामासाठी खडखडाट, असे प्रसंग येतात. अर्थात करदात्यांचा पैसा कुठे गेला हे त्यांच्या सरकारने विचारू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण तिजोरीपाशी बसून आखलेले कप्पे रणभूमीवर जुळतातच असे नाही.

तिसरी अडचण आकड्यांतूनच दिसते. येमेनसाठी दर वर्षी परिषद भरत असे आणि तेथे देश आपापला आकडा जाहीर करीत. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ३८५ कोटी डॉलर मागितले आणि सुमारे १७० कोटी जाहीर झाले. मदतीत कपात करणे म्हणजे मृत्युदंड देणे होय, या अर्थाचे उद्गार त्या वेळी सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी काढले. २०२२ मध्ये मागणी ४२७ कोटींची होती, जाहीर झाले सुमारे १३० कोटी. २०२३ मध्ये ४३० कोटींच्या मागणीपुढे सुमारे १२० कोटी जाहीर झाले. हे सारे आकडे मुलांसकट सर्वांसाठीच्या मदतीचे आहेत. पुन्हा जाहीर होणे म्हणजे हाती पडणे नव्हे.

ही कपात का होते? बहुधा तिचे कारण येमेनमध्ये नसतेच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम श्रीमंत देशांनी मदतीसाठी द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७० मध्ये केला. ब्रिटनने तर २०१५ मध्ये त्यासाठी स्वतःच्या देशात कायदा केला. तरीही साथीच्या काळातील तंगीचे कारण सांगून २०२१ मध्ये हे प्रमाण ०.५ वर आणले गेले आणि त्या वर्षी येमेनसाठी जाहीर केलेली रक्कम जवळपास निम्म्यावर आली. येमेनच्या मोठ्या देणगीदारांपैकी असलेल्या अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परकीय मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी ‘युसेड’ ही तिची मदतसंस्था अधिकृतपणे बंद झाली. राजधानीत मंत्रिमंडळ बदलते आणि हजारो मैलांवरच्या आरोग्य केंद्रातील पाकिटे संपतात. त्या मुलाचा त्या निवडणुकीशी काडीचाही संबंध नसतो.

मदतीच्या वाटेत येमेनमधील सत्ताधाऱ्यांनीही काटे पेरले, हे सांगितले नाही तर लेख एकतर्फी होईल. धान्य गरजूंपर्यंत न पोचता दुसरीकडे वळते, अशी तक्रार करून जागतिक अन्न कार्यक्रमाने जून २०१९ मध्ये सानातील सुमारे साडेआठ लाख लोकांचे वाटप काही काळ थांबवले होते. जून २०२४ पासून हौथींनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अनेक कर्मचाऱ्यांना अटक केली.

देणाऱ्यांच्या हातांविषयीही बोलले पाहिजे. मार्च २०१८ मध्ये सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांनी येमेनच्या मदतकार्यासाठी ९३ कोटी डॉलर दिले. हे दोन्ही देश त्याच युद्धात उतरलेले होते. अमेरिका आणि ब्रिटन मोठे देणगीदार होते आणि सौदी अरेबियाला शस्त्रे विकणारेही होते. दिलेला पैसा खोटा नव्हता, त्यातून मुले जगलीही. पण येमेनच्या आईला आपली म्हण ठाऊक असती तर ती नक्कीच म्हणाली असती, ‘भीक नको, पण कुत्रे आवर!’

काही चांगले प्रयोगही झाले. युद्धापूर्वी येमेन सरकारकडे गरीब कुटुंबांची एक यादी होती. जागतिक बँकेच्या पैशातून युनिसेफने ऑगस्ट २०१७ पासून त्या यादीतील सुमारे १५ लाख कुटुंबांना रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. २०१९ मध्ये सुमारे १ लाख ३६ हजार शिक्षक व शाळा-कर्मचाऱ्यांना दरमहा ५० डॉलरच्या आसपास मानधन देण्याचे काम हाती घेतले. मोडलेल्या सरकारचा जो सांगाडा शिल्लक होता तो वापरून काम उभे राहू शकते, हे यातून दिसले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. पाकीट आज मुलाला वाचवते, पण त्याला शिकवायला मास्तर टिकला तरच उद्या त्या देशाला परक्या तिजोरीकडे पाहावे लागणार नाही.

या साऱ्याचा विचार करताना माझे मन पुन्हा आमच्या अंगणवाडीकडे जाते. तेथेही उणिवा आहेत. पण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला तेथे मोफत आहार मिळणे हा त्याचा हक्क ठरवला आहे. आहार मिळाला नाही तर भत्ता मागता येतो, तक्रार करता येते. येमेनच्या मुलाचा दंड त्याच पट्टीने मोजला जातो, पण त्याचे पाकीट कोणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून असते. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या चौथ्या कलमात मुलांच्या हक्कांसाठी गरजेप्रमाणे आंतरराष्ट्रीय सहकार्य करण्याचे बंधन मान्य केलेले आहे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. मात्र कोणी किती आणि केव्हा द्यायचे, हे त्या कलमात लिहिलेले नाही. सारी मेख तिथेच आहे. संघाच्या वर्गणीसारखी युद्धग्रस्त मुलांसाठीही सर्व देशांवर ठरावीक पट्टी का बसू नये, असा प्रश्न मला पडतो. आमच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी त्यावर जरूर वाद घालावा.

तोवर आपल्याला करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. ‘अमुक देशाकडून इतके कोटी डॉलर जाहीर’ अशी बातमी वाचली, की तीन प्रश्न विचारावेत. रक्कम जाहीर झाली की पोचली? वर्षाच्या कोणत्या महिन्यात पोचली? आणि ती कशाला बांधलेली आहे? देणाऱ्या सरकारांना हे प्रश्न त्यांच्याच नागरिकांनी विचारायचे असतात. आपला देशही इतर देशांना मदत देतो, तेव्हा ते प्रश्न विचारण्याची पाळी आपल्यावरही येते.