दिवसांचा हिशेब आणि शाळेचा उंबरठा

१ एप्रिल २०२२ रोजी इंग्लंडमध्ये दोन निर्णय एकाच वेळी अमलात आले. चाचणीत करोनाची बाधा आढळलेल्या प्रौढाने पाच दिवस घरी थांबावे, मात्र अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तीन दिवस पुरेत, असा सल्ला शासनाने दिला. त्याच दिवसापासून घरच्या घरी करावयाची जलद चाचणी बहुसंख्य नागरिकांना मोफत मिळेनाशी झाली.

यांपैकी पहिला निर्णय निराधार नव्हता. लॉस एंजेलिस येथील सात ते अठरा वर्षे वयाच्या ७६ मुलांच्या नाकातील स्रावात पेशींना बाधा करू शकणारा विषाणू किती दिवस टिकतो, याचा अभ्यास २०२३ साली ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाधा आढळल्यापासून तीन दिवसांतच सुमारे निम्म्या मुलांची संसर्गक्षमता संपली होती. परंतु उरलेल्या निम्म्यांचे काय? पाचव्या दिवशीही सुमारे १८ टक्के, तर दहाव्या दिवशी सुमारे ४ टक्के मुले संसर्ग पसरवू शकत होती. म्हणजेच दिवसांचा कोणताही एक आकडा काही मुलांना विनाकारण शाळेस मुकवितो आणि काहींना वेळेपूर्वीच वर्गात धाडतो.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे सामर्थ्य जलद चाचणीत आहे. पीसीआर चाचणीत विषाणूचे निर्जीव अवशेषही कित्येक आठवडे सापडू शकतात. जलद चाचणी मात्र विषाणूची प्रथिने पुरेशा प्रमाणात असतील तरच बाधा दाखविते. संसर्गाच्या प्रारंभी ती फसवू शकते, हे खरे. म्हणूनच एका चाचणीवर विसंबणे इष्ट नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडनेच पाचव्या व सहाव्या दिवशी अशा दोन चाचण्या निर्दोष आल्यास विलगीकरण संपविण्याची मुभा दिली होती. तो मार्ग अधिक विवेकाचा होता.

चाचणी विकत घ्यावी लागली, की सावधगिरीही ऐपतीवर अवलंबून राहते. ज्या घरात वृद्ध आजी आहे, ज्या वर्गात क्षीण प्रतिकारशक्तीचे एखादे मूल आहे, तेथे हा प्रश्न केवळ आकडेवारीचा उरत नाही. मुलांची शाळा बुडू नये, ही चिंता रास्तच आहे. तथापि, तीन दिवसांची सवलत देणाऱ्या शासनाने ती पडताळून पाहण्याचे साधनही पालकांच्या हाती ठेवावयास हवे होते. पुढील साथीत तरी या दोन गोष्टींची फारकत होऊ नये.