एक दिवस वेंगुर्ल्याचा, बिनकामाचा

आज कर्जाचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते सुट्टीबद्दल. आम्ही आजरा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या चौदा बायका. पौषात आमच्यातल्या सात जणी एक अख्खा दिवस वेंगुर्ल्याला समुद्रावर काढून आलो. उरलेल्या सात जणी माघात जाणार आहेत. हे जमवलं कसं, ते विचारायला आसपासच्या गावांतून बायका यायला लागल्या. म्हणून म्हटलं, एकदाच रेडिओवरून सगळ्यांना सांगावं.

वेंगुर्लाच का? तर आमच्या बांधावर काजू आहे, आणि त्यातली बरीच कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. तिथल्या फळ संशोधन केंद्रात त्या तयार झाल्या. म्हणजे गावाचं नाव रोज तोंडात, पण गाव कुणीच बघितलेलं नाही. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीवरून जायचं, अंतर सुमारे ९० किलोमीटर. सकाळची पहिली एसटी धरली की सावंतवाडीला गाडी बदलून चहा-नाश्त्याच्या वेळेला पोचता येतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. आमच्यातल्या एका आजींनी तर वाहकाला आधार कार्ड असं दाखवलं, जणू तलाठ्याला सात-बारा दाखवतायत.

पैशाचं आधी सांगतो. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं. पंचसूत्रीत बचत आणि अंतर्गत कर्ज याचा हिशोब आपण काटेकोर ठेवतो, त्यात सहलीचा पैसा मिसळला की वही बिघडते आणि मनंही. म्हणून वेगळा डबा, वेगळी वही. दर आठवड्याला माणशी २० रुपये. चाळीस आठवड्यांत प्रत्येकीचे ८०० झाले. प्रवास, होडी, जेवण, चहा एवढ्यात बसलं. खरेदी ज्याची त्यानं.

पैशापेक्षा अवघड होती म्हैस. तुम्हाला ठाऊक आहे, कोल्हापूर जिल्ह्यात बाईचा दिवस दूध संस्थेच्या काट्यावर चालतो. सकाळची धार, संध्याकाळची धार, मध्ये वैरण. त्यात सुट्टीचा वार नाही. मग आम्ही पैरा केला. भांगलणीला नाही का आपण करत, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या? तसाच धारेचा पैरा. जाणाऱ्या सात जणींच्या म्हशी राहणाऱ्या सात जणींनी बघायच्या, पुढच्या महिन्यात उलट. पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून चार दिवस आधीपासून बदलीची बाई धारेच्या वेळी येऊन शेजारी बसायची, कास धुवायची, आंबोण घालायची. चौथ्या दिवशी तिनं एकटीनं धार काढून बघायची. असं केलं तेव्हा आमच्या जाण्याच्या दिवशी दूध थोडंच कमी आलं.

घरच्यांना काय सांगायचं, यावर मात्र दोन बैठका गेल्या. सगळ्यात सोपं म्हणजे, देवाला जातो म्हणायचं. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, पंढरीला जायला कोण अडवत नाही. आम्ही स्वतःही आनंदानं जातो. पण या खेपेला देवाला जायचं नव्हतं, फिरायला जायचं होतं, बसायला जायचं होतं. खोटं एकदा सांगितलं की दरवर्षी तेच सांगावं लागतं. शिवाय मुली ऐकत असतात. शेवटी ठरलं, सरळ सांगायचं. केंद्र सरकारची वेळेच्या वापराची एक पाहणी आहे. २०२४ च्या पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. पुरुषाची ८८. यात म्हशीचं काम धरलेलं नाही बरं का. हे आकडे आम्ही घरोघरी वाचून दाखवले. काही घरांत हसून सोडलं, एका सासूबाईंनी "मला पण न्या" म्हटलं. एका घरी मात्र नाहीच म्हणाले, "समुद्र बघून काय पोट भरणार हाय?" ती मैत्रीण पहिल्या खेपेला आली नाही. तिच्या जागी दुसरी आली, तिचे पैसे डब्यात तसेच ठेवले.

आता दिवस कसा निवडायचा, हे नीट ऐका, कारण इथं आपलं पंचांग कामाला येतं. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब असा, की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. वद्य पक्षातही एकपासूनच मोजायचं. जागेप्रमाणे थोडं मागंपुढं होतं, म्हणून तिथल्या माणसाला फोन करून खात्री करायचीच. पुनव-अवसेला पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, तो भांग.

आम्हाला सकाळी खाडीत पाणी हवं होतं आणि दुपारनंतर चालायला मोकळी वाळू. म्हणून शुद्ध त्रयोदशी धरली. तेराची पाऊणपट पावणेदहा. तिथून सहा तासांनी, चारच्या सुमाराला, ओहोटी पुरी. भात घरात आलेलं आणि काजू अजून हाताशी न आलेला, असा हा काळ. पावसाळ्यात मात्र समुद्राकडं जाऊच नका.

वेंगुर्ल्यात आम्ही ठरवून दोनच गोष्टी केल्या. सहल म्हणजे एका दिवसात नऊ ठिकाणं आणि गाडीत उलट्या, असं आम्हाला नको होतं. पहिली गोष्ट, मांडवी खाडीतली कांदळवनाची सफर. ही सफर चालवतात स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका, २०१७ पासून, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं पाठबळ घेऊन. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका. होडीला इंजिन नाही, वल्ही त्यांच्याच हातात. आपण लोणची-पापडाच्या पलीकडं बघत नाही आणि या बायका खाडी दाखवून कमावतात. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसायचं नाही, दर आधी विचारून घ्यायचा.

त्यांनी दाखवलं ते असं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाड त्या मुळांनी श्वास घेतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. खाली पडलं की चिखलात उभं रुततं. याच मुळांच्या जाळीत माशांची, कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं वाढतात. कांदळवन तोडलं की जाळ्यात मासळी कमी, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग खानावळीत जेवण. मासे खाणाऱ्यांना बांगड्याची कढी, माळकरी बायकांना काळ्या वाटाण्याचं सांबार, सोलकढी सगळ्यांना. खानावळ निवडताना चवीआधी एकच चौकशी केली होती, न्हाणीघर-संडास स्वच्छ आहे का आणि ओले कपडे बदलायला खोली मिळेल का. हे आधी विचारायला लाजू नका, नाहीतर दिवसभर बाई पाणीच पीत नाही.

दुसरी गोष्ट, काहीच न करणं. किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत चटया टाकल्या. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. पंधरा मिनिटांत एकीनं पिशवीतून वाकळेचा तुकडा आणि सुईदोरा काढला, दुसरी म्हणाली, "निदान शेंगा तरी फोडू." आम्ही सुईदोरा जप्त केला. घरून फोन आला तो एकच, डाळीचा डबा कुठं आहे म्हणून. अर्ध्या तासानं गप्पा सुरू झाल्या आणि त्या घरच्या नव्हत्या. शाळेत कोण कबड्डी खेळायची, कुणाला नर्स व्हायचं होतं, असल्या. वीस वर्षं एका गटात बसून हे आम्हाला माहीत नव्हतं. दोघी चक्क झोपल्या.

चारनंतर पाणी परत चढणीला लागलं, तेव्हा पाण्यात उतरलो. ओहोटीचं पाणी आत ओढतं, म्हणून उतरत्या पाण्यात जायचं नाही, आणि चढत्या पाण्यातही गुडघ्याच्या वर नाही. हातात हात धरून, दोघींनी काठावर उभं राहून लक्ष ठेवायचं. साडी पाण्यात जड होते, जुना ड्रेस बरा. परतीची गाडी मिळेल अशा बेतानं पाचला निघालो.

माघ शुद्ध त्रयोदशीची तुकडी आता तयार होते आहे. पहिल्या खेपेला जिला घरून नाही म्हणाले, तिच्याशी आणि घरच्यांशी अजून बोलणं चालू आहे. होकार आलेला नाही. पण पैऱ्याच्या यादीत तिची म्हैस लिहिली आहे, आणि परवापासून आमच्यातली एक जण धारेच्या वेळी तिच्या गोठ्यात जाऊन बसते आहे.