किल्ल्यावरची मोहीम आणि तिची खतावणी

दिवाळी आली की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वर लाल मातीचा लेप, उतारावर मोहरीची हिरवळ आणि बुरुजांवर बाजारातून आणलेली मातीची चित्रे. दिवाळी सरली की किल्ला मोडतो आणि मावळे पुन्हा खोक्यात जातात. त्यांना नुसते उभे करण्याऐवजी त्यांच्याकडून एखादी मोहीम लढवून घ्यावी, असे मनात आले आणि आमचा खेळ सुरू झाला. त्याची रीत येथे सांगतो.

असा खेळ नवा नव्हे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो आला. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या युद्धाचे नियम पुस्तकरूपाने छापले. परदेशातील हौशी मंडळी आजही टेबलावर क्रूसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांच्या, मोहिमा लढवतात. लढाई एका डावात संपते. मोहीम ही डावांची मालिका असते. पहिल्या डावात गेलेली माणसे आणि संपलेले धान्य दुसऱ्या डावात परत मिळत नाही. वाणिज्य शाखेच्या भाषेत बोलायचे तर या पानाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक!

या शिल्लकेवर राज्ये बुडाली आहेत. जुलै ११८७ मध्ये जेरुसलेमचा राजा गी सफूरियाचे झरे सोडून भर उन्हात निघाला. वाटेत पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, हत्तीन येथे तहानेने व्याकुळ झालेले त्याचे सैन्य सलादिनने बुडवले आणि ऑक्टोबरात जेरुसलेम गेले.

आम्ही मात्र आपल्या शेजारचाच वेढा निवडला. निपाणीहून कोल्हापूरमार्गे पन्हाळा फार दूर नाही. १६६० साली सिद्दी जौहरने मार्च ते जुलै असे सुमारे चार महिने महाराजांना तेथे कोंडून धरले होते. एक चाल म्हणजे एक आठवडा, एक चित्र म्हणजे शंभर माणसे, आणि दहा चित्रांना आठवड्याला एक माप धान्य, असे आम्ही ठरवले. गडावर वीस चित्रे आणि चाळीस मापे. म्हणजे वीस आठवड्यांची बेगमी. सिद्दीकडे साठ चित्रे. त्यांचा खर्च आठवड्याला सहा मापे. त्याची रसद कोरड्या दिवसांत दर आठवड्याला आठ मापे येते, तेराव्या आठवड्यापासून पावसामुळे चारच. दोन्ही पक्ष हुकूम चिठ्ठीवर लिहितात, पंच त्या एकदम उघडतो. रसदेवर छापा घालायचा तर दोघांनी फासे टाकायचे; गडाचा फासा मोठा पडला तर त्या आठवड्याची रसद बुडाली. गडावरून निसटायचे तर कोरड्यात सहाच पडले पाहिजेत, पावसात चार किंवा अधिक.

आता हिशेब पाहा. बारा आठवड्यांत सिद्दीची शिल्लक चोवीस मापे होते. पावसात दर आठवड्याला दोन घटली तरी विसाव्या आठवड्याअखेर आठ उरतात; गडावर शून्य. नुसते थांबले तर गड पडतो. मात्र कोरड्यात दोन वेळा रसद बुडवली, तर सोळाव्या आठवड्याअखेर सिद्दीचीच कोठारे रिकामी होतात.

पण सिद्दी व्हायला कोणीच तयार होईना. शेवटी घरी कन्नड बोलणारा माझा एक वर्गमित्र म्हणाला, "मी होतो, पण नियम दोघांना सारखे." गडावर माझा धाकटा भाऊ, पंच मी. भावाला गड सोडणे कमीपणाचे वाटे. त्याने ना छापा घातला, ना तो निसटला. दर चालीला मित्र मिस्कीलपणे विचारी, "एष्टु उळीतु?" म्हणजे किती उरलं? विसाव्या आठवड्याला गड पडला.

भाऊ रडवेला झाला. जमलेली मुले म्हणू लागली, "दादा, दहा मापं वाढवून लिही ना! पन्हाळ्यावर महाराज हरतात होय?" क्षणभर माझाही हात थरथरला. पण खोटी जमा दाखवलेली खतावणी कसली खतावणी? मी नाही म्हटले. त्या रात्री भाऊ माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन तोच आला. "दादा, पावसाची वाट बघायची आणि मग निघायचं, असंच ना?" महाराज जुलैच्या त्या पावसाळी रात्री का निघाले, हे पाठ्यपुस्तकातून पाठ केलेले त्याला आता कळले होते. बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला होता. मग थांबणे म्हणजे शून्यावर येणे. त्या निर्णयाची किंमत शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी प्राणांनी चुकवली. आपण हरूही शकलो असतो, हे वहीत दिसल्याखेरीज त्या किमतीचे मोल कळत नाही.

येत्या दिवाळीत आपल्या गल्लीतही हा खेळ मांडून पाहावा. चित्रे घरात असतातच. एक वही, दोन फासे आणि कोणाचीही भीड न धरणारा पंच एवढे मिळाले की झाले. आमच्याकडे यंदा सिद्दी व्हायला माझा भाऊ तयार आहे.